अझ्रक म्हणजे नक्की कुठला रंग?

कुराणाच्या विसाव्या सूरेत, 'ताहा'मध्ये, 102 वी आयत आहे. शिंग फुंकलं जाईल त्या दिवशी गुन्हेगारांना गोळा केलं जाईल, असं ती सांगते आणि ते कसे दिसत असतील हे एका शब्दात सांगून थांबते: झुर्कन, म्हणजे 'अझ्रक'चंच अनेकवचनी रूप. हा शब्द भाषांतरकारांच्या हाती पडला की काय होतं बघा. जॉर्ज सेलच्या 1734 च्या इंग्रजी कुराणात त्या माणसांचे डोळे करडे आहेत. मार्माड्यूक पिक्थॉलच्या 1930 च्या भाषांतरात ते भीतीनं पांढरे झालेत. अब्दुल्ला युसुफ अलींकडे ते चिपडल्यासारखे, धूसर आहेत, तेही भीतीनंच. आर्थर आर्बेरीच्या 1955 च्या भाषांतरात ते नुसतेच टक लावून बघणारे आहेत; तिथे रंगच उरलेला नाही. 'भीतीनं' हा शब्द मूळ अरबीत नाही. पिक्थॉल आणि युसुफ अली, दोघांनीही तो कंसात घातला, कारण त्याच्याशिवाय वाचकाला अर्थ लागेल असं त्यांना वाटलं नसावं.

या दोघांनीही मुंबईचं पाणी प्यायलं होतं. पिक्थॉल 1920 ते 1924 या काळात 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक होते आणि युसुफ अली विल्सन कॉलेजचे विद्यार्थी. गिरगावात दुसऱ्या कुणाचे डोळे बघून दोघांनाही 'घारा' हा शब्द कधीतरी कानावर पडला असेल का, हा विचार सुटत नाही. कारण हा सगळा गुंता मराठी माणसाला एका बाजूनं ओळखीचा आहे. घारा म्हणजे कुठला रंग? मधासारखा पिंगट, हिरवट, राखाडी, फिका निळा, यांतल्या कुठल्याही डोळ्याला आपण बिनदिक्कत घारा म्हणतो. रंगपेटीत घारा नावाची वडी नसते. डोळा काळा नाही, त्यात उजेड आहे, एवढंच तो शब्द सांगतो.

आजच्या अरबीत मात्र काही शंका नाही. अझ्रक म्हणजे निळा. आकाश अझ्रक, समुद्र अझ्रक, शाईचं पेन अझ्रक. अडचण इथूनच सुरू होते. आजचा कोश उघडला की पहिल्याच ओळीत 'निळा' मिळतो, माणूस कोश मिटतो, आणि तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वीच्या ओळीवर आजचा रंग फासून मोकळा होतो.

आधी शब्दाची घडण. (अरबीतला 'झ' आपल्या 'झाड'मधला नाही, 'गाझा'मधला आहे, आणि 'क' पडजिभेपाशी उच्चारायचा आहे. देवनागरीत एवढ्यावरच भागवू.) मूळ अक्षरं तीन: झ, र, क. पुल्लिंगी अझ्रक, स्त्रीलिंगी झर्का, अनेकवचन झुर्क, आणि त्या गुणाचं नाव झुर्का. अरबी शब्द साच्यात ओततात, आणि हा साचा रंगांचा आहे: अहमर म्हणजे तांबडा, अस्वद म्हणजे काळा, अख्दर म्हणजे हिरवा. पण नेमक्या याच साच्यात शरीरातली व्यंगंही ओतली जातात. अअमा म्हणजे आंधळा, अअवर म्हणजे एका डोळ्याचा, अहवल म्हणजे तिरळा, असम्म म्हणजे बहिरा. म्हणजे 'अझ्रक' या शब्दाच्या आकारावरून तो रंग आहे की व्यंग, हे ठरवताच येत नाही. व्याकरण दोन्ही दारं उघडी ठेवतं. बऱ्याच वाचकांना ही गोष्ट माहीत नसते आणि मग 'निळ्याचा आंधळा कसा झाला?' असा प्रश्न पडतो. तो तसा झालेला नाही. सुरुवातीपासून दोन्हींच्या उंबरठ्यावरच उभा आहे.

आता जुना कोश. इब्न मन्झूरनं 1290 मध्ये पुरा केलेला 'लिसान अल-अरब' हा यातला सगळ्यात मोठा आधार. तो उघडताना नवख्याची चूक ठरलेली असते: तो झ-र-क हा शब्द 'झ'मध्ये शोधतो. या कोशात शब्द शेवटच्या मूळाक्षरावरून लावलेले आहेत. आधी 'क'चा, म्हणजे काफचा भाग काढायचा, त्यात 'झ'चं प्रकरण, आणि मग मधल्या 'र'वर यायचं. यमक शोधणाऱ्या कवीला ही मांडणी सोयीची, आपल्याला उलटी. (आता पहिल्या अक्षरावरून पुन्हा लावलेल्या आवृत्त्याही मिळतात, हातात कुठली आहे ते आधी बघावं.) दुसरी काळजी ठिपक्याची. अरबी लिपीत 'र' आणि 'झ' यांत फरक फक्त डोक्यावरच्या एका ठिपक्याचा, आणि जुन्या हस्तलिखितांत ठिपके कित्येकदा दिलेलेच नसतात. म्हणून एकट्या शब्दावर विसंबायचं नाही, आजूबाजूची ओळ आणि वृत्त दोन्ही तपासायचं. इंग्रजीतून जाणाऱ्यांसाठी एडवर्ड लेनचा कोश आहे. 1863 पासून त्याचे आठ भाग निघाले. 1876 मध्ये लेन वारला तेव्हा तो 'काफ' अक्षरापर्यंत पोचला होता. पुढची अक्षरं त्याच्या टिपणांवरून छापली गेली आणि ती तुटक आहेत. आपला शब्द सुदैवानं 'झ'चा, म्हणजे भरघोस भागातला. डोळ्यात घालायच्या 'कुह्ल'ची नोंद (त्याचा साधा 'क' पडजिभेच्या 'क'नंतर येतो) बघायला गेलात तर तुटकपणा लगेच जाणवतो.

लिसानमध्ये झुर्का या शब्दाचे अर्थ असे दिले आहेत: कुठेही असलेला पांढरेपणा, डोळ्याच्या काळ्यातली हिरवट झाक, आणि, काहींच्या मते, डोळ्याच्या काळ्यावर पांढरेपणाचा पडदा येणं. निळ्याचा पत्ताच नाही. आणि कोशकार कुणालाही खोटं पाडत नाही. 'असंही म्हटलं जातं' एवढं जोडून पुढचा अर्थ लिहितो. ही अरबी कोशकारांची रीत मला फार मोलाची वाटते. आपल्याला एका शब्दाला एकच उत्तर हवं असतं. त्यांना कोण काय म्हणालं ते हरवू द्यायचं नव्हतं.

त्याच नोंदीत खाली उतरत गेलं की शब्दाची भावंडं भेटतात. झुर्रक हा एक शिकारी पक्षी. इथेही घारा आणि घार यांची आठवण येतेच. 'त्याचा डोळा माझ्याकडे झरकला' असा एक प्रयोग आहे, म्हणजे डोळा असा फिरला की त्याचं पांढरं दिसलं. आणि भाला. इस्लामच्या आधीचा कवी इम्रू अल-कैस याच्या एका प्रसिद्ध ओळीत नायक विचारतो की मला कोण मारणार, माझ्या उशाशी तलवार आहे आणि राक्षसांच्या सुळ्यांसारखी धारदार झुर्क पाती आहेत. घासून लखलखीत केलेलं पोलाद डोळ्यांसमोर आणा. ते निळं असतं का? कडेवर उजेड पडला की क्षणभर निळसर पांढरी चमक मारतं. बोट ठेवायचं ते या चमकेवर.

जुन्या कवितेतले अरबी रंगशब्द नुसते रंग सांगत नाहीत, वस्तूवर उजेड कसा बसतो, पृष्ठभाग कसा आहे हेही सांगतात, असं आता बरेच अभ्यासक मानतात. जर्मन अरबी-अभ्यासक वोल्फडीट्रिश फिशर यांनी 1965 मध्ये जुन्या काव्यातल्या रंग आणि आकाराच्या शब्दांवर अख्खा ग्रंथच लिहिला. आकाशाचं जुनं अरबी टोपणनाव तर 'अल-खद्रा', म्हणजे हिरवी. ज्या भाषेत आकाश हिरवं होतं तिथे अझ्रकला आकाशाचा निळा चिकटवण्याची घाई करू नये.

आता ती बाई, जिच्यामुळे हा शब्द अरब जगात घरोघरी पोचला. झर्का अल-यमामा. यमामा म्हणजे अरबस्तानाच्या मध्यावरचा, आजच्या रियाधच्या बाजूचा प्रदेश. इस्लामच्या आधीच्या काळातली ही आख्यायिका. जदीस टोळीतली ही स्त्री तीन दिवसांच्या वाटेवरचं बघू शकत असे. 'झर्कापेक्षा तीक्ष्ण नजरेचा' ही म्हण अरबीत आजही चालते. जदीसांनी तस्म टोळीची कत्तल केली. त्यातून वाचलेला एक माणूस यमनच्या हिम्यरी राजाकडे, हस्सानकडे गेला आणि सैन्य घेऊन आला. त्यानंच राजाला सावध केलं: त्या गावात एक बाई आहे, ती आपल्याला लांबून बघेल, प्रत्येकानं झाडाची फांदी तोडून पुढे धरावी. झर्कानं उंचावरून पाहिलं आणि सांगितलं, झाडं चालत येताहेत. कुणी विश्वास ठेवला नाही. तिनं हेही सांगितलं की एका झाडामागे माणूस आहे, तो काहीतरी चघळतोय किंवा वहाण शिवतोय. तरीही नाही. सैन्यानं गाव उद्ध्वस्त केलं, तिचे डोळे काढले, आणि आत काळ्या शिरा दिसल्या, इस्मिदनं, म्हणजे सुरम्यानं भरलेल्या.

इथे थांबून नावाकडे बघा. झर्का म्हणजे अझ्रकचं स्त्रीलिंग. भाष्यकार याच शब्दाचा अर्थ आंधळा असाही लावतात, आणि जगातली सगळ्यात तीक्ष्ण नजरेची बाईही याच शब्दानं ओळखली जाते. एकच शब्द नजरेच्या दोन्ही टोकांना. अरबीत आंधळ्याला शुभ बोलायचं म्हणून 'बसीर', म्हणजे बघणारा, म्हणण्याची चाल आहे, पण इथे तसलं काही चाललेलं नाही. झर्काचे डोळे खरोखरच अझ्रक होते, असंच परंपरा मानते.

अन्-नाबिगा या कवीच्या एका कसिद्यात, म्हणजे दीर्घ कवितेत, तिच्यासारख्याच एका मुलीचा प्रसंग आहे, आणि परंपरेनं ती झर्काच मानली. हिरा या जुन्या अरब राज्याचा राजा नुअमान याला कवी विनवतो आहे: निवाडा कर तो त्या मुलीसारखा नेमका कर. दोन कड्यांमधून पाण्याकडे निघालेला कबुतरांचा थवा तिनं पाहिला आणि म्हणाली, हा थवा, त्याचा निम्मा, आणि माझं घरचं एक कबूतर मिळालं तर पुरे. लोकांनी पक्षी मोजले. 66 होते. निम्मे 33. झाले 99, ना एक कमी ना एक जास्त, आणि तिचं एक धरून शंभर. अरुंद घळीतून जाणारा थवा एकमेकांवर चढलेला असतो, मोकळ्या आकाशातल्यापेक्षा मोजायला कितीतरी कठीण. कवीनं कडे उगाच घातलेले नाहीत. पण आपल्या कामाची ओळ मधली आहे. ती मुलगी त्या थव्याच्या मागोमाग जे फिरवते ते 'काचेसारखं' आहे, डोळे आले म्हणून ज्यात कधी सुरमा घालावा लागला नाही असं. डोळा हा शब्द कवी उच्चारतच नाही, नुसती काच म्हणतो.

काच. माझ्या मते या शब्दाची किल्ली इथे आहे. स्वच्छ काचेला स्वतःचा रंग नसतो, पण कडेनं बघितलं की हिरवट, उजेडात धरली की पांढरी, सावलीत निळसर. कोशातल्या तिन्ही नोंदी एका काचेत बसतात. आणि काच जशी लख्ख असते तशी घासून घासून धूसरही होते. मग तिच्यातून काही दिसत नाही, पण तीही काचच.

आता परत त्या आयतीकडे. जुन्या भाष्यकारांनी काय म्हटलं ते काळाच्या क्रमानं बघितलं तर डोळे उघडतात. 822 मध्ये वारलेला कूफाचा वैयाकरण अल-फर्रा दोनच अर्थ देतो: तहानलेले, किंवा आंधळे. रंगाचं नावही नाही. तब्री (839 ते 923) तहान आणि अंधत्व दोन्ही नोंदवतो. अतिशय तहानेनं डोळ्यांत जी झुर्का येते ती, असं तो सांगतो. या तहानेला कुराणातच दुजोरा सापडतो. एकोणिसाव्या सूरेत गुन्हेगारांना पाण्याकडे हाकलेल्या जनावरांसारखं नरकाकडे हाकलतील असं आहे. अंधत्वालाही आहे. याच 'ताहा'मध्ये, बावीस आयतींनंतर, तोंड फिरवणाऱ्याला आंधळा उठवू असं म्हटलंय.

मग प्रश्न येतोच. एकीकडे झुर्क, दुसरीकडे आंधळे. दोन्ही एकाच दिवशी कसं? हा प्रश्न प्रेषितांचे चुलतभाऊ आणि कुराणाचे जुने जाणकार इब्न अब्बास यांनाही विचारला गेला, असं परंपरा सांगते. त्यांचं उत्तर साधं आहे: तो दिवस लांब आहे, त्यात अवस्था अनेक, एका अवस्थेत झुर्क, दुसरीत आंधळे. बगदादच्या अझ्-झज्जाजनं हेच शरीराच्या भाषेत सांगितलं. माणसं कबरीतून डोळस उठतील, जमा होताना नजर जाईल; आणि झुर्क म्हटलं कारण नजर गेली की डोळ्याचं काळं अझ्रक होतं. या माणसाच्या नावाचा अर्थ काचवाला. व्याकरणाकडे वळण्याआधी तो पोटासाठी काच घासत असे. काळ्यावर चढणारी ती धूसर झाक कशी असते हे सांगायला त्याच्याहून योग्य माणूस मिळाला नसता.

निळे डोळे ठळकपणे पुढे येतात ते झमख्शरीकडे (मृत्यू 1144). तोही दोन अर्थ देतो, पण पहिला मान निळ्या-करड्या डोळ्यांना. अरबांना हा डोळ्याचा रंग सगळ्यात नावडता, कारण रूमी, म्हणजे बायझंटाइन, त्यांचे शत्रू आणि ते अझ्रक डोळ्यांचे. शत्रूचं वर्णन करताना अरब तीन गोष्टी एका दमात सांगत: काळ्या काळजाचा, तांबूस मिशांचा, अझ्रक डोळ्यांचा. 'अझ्रक शत्रू' हा मग जोडशब्दच झाला. हरीरीच्या (मृत्यू 1122) एका मकामेत, म्हणजे यमकांच्या गद्यातल्या गोष्टीत, रंगांची अख्खी माळच आहे: हिरवं जगणं धुळकट झालं, पिवळ्या प्रियेनं पाठ फिरवली (पिवळी प्रिया म्हणजे सोन्याचं नाणं), माझा पांढरा दिवस काळा झाला, कानशिलावरचे काळे केस पांढरे झाले, शेवटी अझ्रक शत्रूलाही माझी दया आली, आता तांबडं मरण आलं तरी बरं. त्या माळेत निळ्या डोळ्यांच्या रूमी सैनिकाला शोधत बसायचं नाही. इथे अझ्रक म्हणजे हाडवैरी.

पण झमख्शरीचं स्पष्टीकरण मागे नेऊन आयतीवर बसवताना जपून राहायला हवं. 'झुर्क' हा शब्द कुराणात या एकाच जागी आला आहे, त्यामुळे दुसऱ्या आयतीशी ताडून बघायची सोय नाही. आणि सगळ्यात जुन्या भाष्यकारांना रंग सुचत नाही, त्यांच्यानंतर तीनशे वर्षांनी तो पहिल्या क्रमांकावर येतो. मधल्या काळात सरहद्दीवर रूमींशी पिढ्यान् पिढ्या लढाया झाल्या होत्या. शब्दाला त्या लढायांचा रंग लागला असावा, असं मला वाटतं.

वैद्यांच्या हातात हाच शब्द आणखी वेगळा वागतो. डोळ्यांच्या वैद्याला अरबीत कह्हाल म्हणत, सुरमा घालणारा. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाकनं ग्रीक वैद्यक अरबीत आणलं, डोळ्यांवर स्वतः दहा प्रकरणांचा ग्रंथ लिहिला. ग्रीकमध्ये 'ग्लाउकोस' असा शब्द होता. त्याच्याबद्दलही विद्वान आजतागायत भांडताहेत: चमकता, करडा, हिरवट, फिका निळा. अरबीत त्याच्या जागी अझ्रक बसला, एक धूसर शब्द दुसऱ्या धूसर शब्दाच्या जागी, आणि दोघांचा सांधा इतका नेमका जुळला की आजही उकलता येत नाही. 'ग्लाउकोस'पासून ग्लॉकोमा झाला. आजच्या अरबीत त्याला 'अल-मा अल-अझ्रक', अझ्रक पाणी, म्हणतात, आणि मोतीबिंदूला पांढरं पाणी. मराठीत या रोगाचं नाव काय? काचबिंदू. नाबिगाची काच, झज्जाजची काच आणि हा बिंदू यांची कधी गाठ पडली नव्हती. डोळ्यात दिसणारी वस्तूच तशी, म्हणून वेगवेगळ्या भाषांनी तीच पकडली.

डोळ्यात प्रत्यक्ष काय घडतं तेही सांगायला हवं, नाहीतर हे शब्दांचे खेळ वाटतील. बुबुळात निळं रंगद्रव्य नसतंच. रंगद्रव्य एकच, मेलॅनिन. ते पुढच्या थरात भरपूर असलं की डोळा काळा-तपकिरी. अगदी कमी असलं की त्या थरातले सूक्ष्म तंतू उजेड विखुरतात, निळा भाग जास्त विखुरला जातो आणि डोळा निळा दिसतो. मधलं प्रमाण असलं की हिरवट, पिंगट, आपले घारे. हा झाला जन्मजात अझ्रक. दुसरा अझ्रक रोगाचा. मोतीबिंदू पिकला की बाहुलीच्या मागचं भिंग गढूळ होतं आणि काळ्या बाहुलीत निळसर पांढरा ठिपका दिसतो. खुपऱ्यांनी किंवा जखमेनं डोळ्यात फूल पडलं की पुढचा पारदर्शक पडदाच दुधाळ निळसर होतो. उन्हाच्या, धुळीच्या मुलखांत हे नेहमीचं होतं. एका ठिकाणी फिकेपणा बुबुळात, दुसऱ्या ठिकाणी भिंगात, तिसऱ्या ठिकाणी पडद्यावर. पण चार हात लांबून बघणाऱ्याला तिन्ही वेळा एकच दिसतं: जिथे काळं हवं तिथे फिका उजेड. त्या बघणाऱ्याचा शब्द म्हणजे अझ्रक. रंग कुठल्या थरात आहे हे त्याला विचारू नये.

डोळ्यांच्या बाबतीत अरबी कोशकार किती प्रामाणिक होते याची आणखी दोन उदाहरणं इथे द्यायलाच हवीत. प्रेषित मुहंमदांचं वर्णन सांगणारी एक हदीस 'सहीह मुस्लिम' या संग्रहात आहे, जाबिर इब्न समुरा यांच्याकडून आलेली. तिच्यात त्यांचे डोळे 'अश्कल' होते असं आहे. परंपरेतला पुढचा दुवा असलेल्या सिमाकला त्याच्याकडून ती ऐकणाऱ्या शुअबानं तिथल्या तिथे विचारलं, अश्कल म्हणजे काय? सिमाक म्हणाला, डोळ्याची लांब चीर. तो प्रश्न आणि ते उत्तर दोन्ही हदीसीबरोबर जपले गेले. पुढे काझी इयाझ (मृत्यू 1149) यांनी स्पष्ट लिहिलं की हे सिमाकचं चुकलं. दुर्मिळ शब्दांच्या सगळ्या जाणकारांच्या मते अश्कल म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्यात तांबूस झाक. काळ्यात तांबूस झाक असेल तर तो दुसरा शब्द, अश्हल. चूक दुरुस्त केली, पण मूळ उत्तर पुसलं नाही. आज दोन्ही वाचायला मिळतात.

दुसरं उदाहरण 'हवर'चं, ज्याच्यापासून हूर हा शब्द आला. डोळ्याचं पांढरं अगदी पांढरं आणि काळं अगदी काळं, असा अर्थ सगळे देतात. अबू अम्र हा भाषापंडित म्हणतो, छे, हवर म्हणजे हरणासारखा सगळाच डोळा काळा. माणसात हवर नसतोच, बायकांना ते उपमेनं म्हणतात. आणि बसऱ्याचा अल-अस्मई, ज्याच्या एका शब्दासाठी लोक मैलोन् मैल येत, तो म्हणतो: डोळ्यातला हवर म्हणजे काय ते मला माहीत नाही. कोशकारांनी हे वाक्यही नोंदीत घातलं. एवढ्या मोठ्या माणसाचं 'माहीत नाही' हीसुद्धा माहिती आहे, हे त्यांना कळत होतं.

अश्हलचं स्त्रीलिंग शहला. हा शब्द फारसी-उर्दू वाटेनं आपल्याकडे मुलींच्या नावात आला, नर्गिसच्या फुलाला चिकटला, गर्द सुंदर डोळ्यांसाठी वापरला गेला. तुर्कीत गेला आणि 'शेहला' झाला. तिथे त्याचा अर्थ जरासा तिरपा, पण गोड वाटणारा डोळा. रंग प्रवासात कधीतरी गळून पडला, कौतुक तेवढं टिकलं.

अझ्रकही फिरला. स्पेनमध्ये 'सार्को' झाला, फिक्या निळ्या डोळ्यांचा. सुदानमध्ये मात्र अझ्रक माणूस म्हणजे गडद काळ्या वर्णाचा. तिथल्या फुंज राज्याला 'अस्-सल्तना अझ्-झर्का' म्हणत आणि त्याचा अर्थ काळी सल्तनत असाच लावतात. त्यामुळे ज्या नदीला आपण भूगोलाच्या पुस्तकात निळी नाईल म्हणतो, तिचं अरबी नाव अन्-नील अल-अझ्रक वाचताना पाणी निळं आहे की गाळानं काळवंडलेलं, हे नावावरून ठरवता येत नाही.

मग मराठीत त्या आयतीतल्या 'झुर्कन'चं काय करायचं? 'निळ्या डोळ्यांचे' म्हटलं तर वाचक परदेशी पाहुणा डोळ्यांसमोर आणेल. 'घारे' तर अजिबात नको. मराठीत घाऱ्या डोळ्यांचं कौतुक असतं, कधी थोडा संशयही, पण यातना नसते. 'आंधळे' म्हटलं तर फर्राचा एक अर्थ राहतो, तहान जाते, शिवाय पुढे 124 व्या आयतीत खराच 'आंधळा' हा शब्द येतो तेव्हा दोन वेगळे अरबी शब्द मराठीत एक होऊन बसतात. 'डोळ्यात फूल पडलेले' शरीराला अगदी जवळचं, पण फूल एकाच्या डोळ्यात पडतं, जमावाच्या नाही. मला सगळ्यात जवळचा वाटतो तो आपला रोजचा वाक्प्रचार: डोळे पांढरे झालेले. मरताना डोळे पांढरे होतात, भीतीनं होतात, तहानेनं जीव कासावीस झाला की होतात, आणि नजर गेली तरी होतात. डोळा फिरून पांढरं दिसणं हा तर अरबी धातूचाच एक अर्थ. पिक्थॉलनं कंसात घातलेली भीती मराठीत कंसाशिवाय येते. अझ्रक शत्रू यात येत नाही. तो तळटीपेत सांगावा लागेल, आणि तिथेच सांगावा की जुने भाष्यकार कोणकोणते अर्थ देतात आणि कोणत्या क्रमानं.

पण जिथे हाच शब्द पाण्याला लावला आहे तिथे हे मराठी रूप चालणार नाही. झुहैर या इस्लामपूर्व कवीच्या मुअल्लकेत, म्हणजे त्याच्या गाजलेल्या दीर्घ कवितेत, उंटांवरच्या डोलाऱ्यांतून बायका निघाल्या आहेत. कवी लांबून त्यांच्या वाटेचा माग काढतो आहे, टेकडीमागून टेकडी. शेवटी त्या पाण्यापाशी येतात, आणि पाण्याचे साठे झुर्क आहेत. टीकाकार तिथे लिहितात: झुर्का म्हणजे कमालीचा निवळपणा. त्यांच्या आधी तिथे कुणी आलेलं नाही, जनावर उतरलेलं नाही, तळ ढवळलेला नाही. बायका तिथे हातातल्या काठ्या खाली ठेवतात, मुक्कामाला आलेला माणूस ठेवतो तशा, आणि तंबू ठोकायला घेतात.